हिरण्यकेशीचा उगम आणि आंबोलीचं रान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला की फोन सुरू होतात. रूम मिळेल का, धबधबा चालू झाला का, आणि हल्ली त्यात आणखी एक: "तो हिरण्यकेशीतला मासा बघायला मिळेल का?" आंबोलीत राहून पावसाळ्यात लोकांना रात्रीचे बेडूक दाखवत फिरणाऱ्या माणसाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींची संपत नाहीत.

हिरण्यकेशी नेमकी आहे कुठे?

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडी तालुक्यात, आंबोली गावात. सावंतवाडीहून बेळगावला जाणारा रस्ता घाट चढून साधारण सातशे मीटर उंचीवर आला की आंबोली लागते. सावंतवाडीहून हे अंतर तीसेक किलोमीटर. गावाच्या मुख्य नाक्यावरून चार-पाच किलोमीटर आत गेलं की पार्वतीचं देऊळ येतं. हिरण्यकेशी हे त्या पार्वतीचंच नाव. देवळाच्या पाठीमागे गुहा आहे. गुहेतून पाणी येतं, कुंडात पडतं आणि तिथून व्हाळ, म्हणजे ओढा, होऊन रानात शिरतं. नदीचा उगम तो हाच.

ही नदी म्हणायची की ओढा?

उगमाशी ती व्हाळच आहे. उन्हाळ्यात कुठेही उडी मारून ओलांडता येईल एवढा. आजऱ्याला पोचेपर्यंत ती नदी झालेली असते, गडहिंग्लजला तर चांगली रुंद. पुढे संकेश्वरावरून कर्नाटकात जाऊन ती घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला.

यात गंमत अशी की आंबोलीच्या कड्यावर उभं राहिलं की कोकण पायाशी असतं आणि अरबी समुद्र फार लांब नाही. गावात पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब घाटातून कोसळून त्याच दिवशी कोकणात उतरतो. चार पावलं पूर्वेला पडलेला थेंब सगळं दख्खन ओलांडून निघतो. पाहुण्यांना हे सांगितलं की ते आधी समुद्राच्या दिशेला बघतात आणि मग माझ्याकडे.

पाऊस संपल्यावरही इथे पाणी कसं राहतं?

याचं उत्तर पायाखाली आहे. आंबोलीचे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे सपाट कातळ, जांभ्या दगडाचे. जांभा म्हणजे आपला घरं बांधायचा चिरा. चिरा कापलेला पाहिला असेल तर त्यातली भोकं आठवतील. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास, एखाद्या साली त्याहूनही बराच जास्त पाऊस या जांभ्यावर पडतो. पुष्कळसा वरून वाहून जातो, पण एक वाटा भोकांतून आणि भेगांतून खाली मुरतो. जांभ्याच्या तळाशी चिकट मातीचा थर असतो. तो पाण्याला आणखी खाली जाऊ देत नाही. मग पाणी आडवं सरकतं आणि उताराला जिथे वाट मिळेल तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं.

म्हणजे मार्चमध्ये कुंडात पडणारं पाणी गेल्या पावसाळ्यात कुठल्या तरी सड्यावर पडलेलं असतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

इथे संरक्षण नेमकं कशाला आहे आणि कधीपासून?

२०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने हिरण्यकेशीच्या उगमाजवळची २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. जैविक विविधता कायदा, २००२ याच्या कलम ३७ खाली राज्य सरकारला तसा अधिकार आहे. निमित्त झालं एका माशाचं. वाघ, हत्ती, गवा नाही. बोटाएवढ्या माशासाठी जागा राखली गेली, ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे आणि मला तिचं कौतुक आहे.

पण २.११ हेक्टर म्हणजे सव्वापाच एकर. आमच्याकडे एखाद्याची काजूची बाग त्याहून मोठी असते.

तो मासा कोणता? कसा दिसतो?

शास्त्रीय नाव शिस्तुरा हिरण्यकेशी. २०२० मध्ये प्रवीणराज जयसिंहन, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमण्यन यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव नदीवरून ठेवलं. वर्णन झालं तेव्हा तो इथूनच तेवढा माहीत होता.

लोच म्हणतात त्या गटातला हा मासा. हे मासे पाण्यात मध्यावर पोहत फिरत नाहीत. तळाच्या खड्यांना पोट टेकून बसतात, दोन दगडांमधून सुळकन सरकतात आणि पुन्हा बसतात. तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या. डोळ्यांपेक्षा या मिशांवर त्यांचा भरवसा जास्त. खड्यांच्या फटीत चाचपून पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या शोधायच्या आणि खायच्या. या कुळातल्या माशांच्या अंगावर बहुधा गडद उभे पट्टे असतात. वरून पाहिलं तर पट्टे आणि खडे एकमेकांत मिसळून जातात. त्यामुळे दहापैकी नऊ लोक कुंडात डोकावतात, "काहीच नाही" म्हणतात आणि फोटो काढून निघतात. मासा तिथेच असतो.

गावाला हा मासा आधी ठाऊक नव्हता का?

होता की. कुंडात मासे आहेत आणि ते धरायचे नाहीत, हे इथे पोराटोरांना माहीत. "ता देवाचा पाणी, पाय घालू नको," हे वाक्य ऐकतच इथली मुलं मोठी होतात. पण 'मासे आहेत' हे माहीत असणं वेगळं आणि 'ही जात आणखी कुठून नोंदलेली नाही' हे माहीत असणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला मिशा, पर, पट्टे, शेपटीतले काटे मोजणारा माणूस लागतो. गावाने मासा राखला, अभ्यासकांनी त्याला नाव दिलं. कोणाचं श्रेय मोठं, यावर टपरीवर वाद होतात. मी त्यात पडत नाही.

देवाच्या नावाने मासे राखण्याची रीत महाराष्ट्रात आणखीही आहे. महाडजवळ नदीत वाळण कोंड आहे. तिथले मोठमोठे मासे वरदायिनी देवीचे म्हणून कोणी मारत नाही.

वारसा स्थळ म्हणजे अभयारण्यच ना?

नाही. अभयारण्य वन्यजीव कायद्याखाली येतं, वनखातं ते चालवतं आणि आत काय चालेल, काय नाही, हे कायदा ठरवतो. वारसा स्थळ स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून घोषित होतं आणि गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती त्यात महत्त्वाची असते. गावाच्या चालत आलेल्या वहिवाटीवर त्यामुळे आपोआप बंदी येत नाही. गावाने आपणहून ठरवलेली बंधनं तेवढी लागू होतात. पूजा, जत्रा, पाण्याचा वापर या गोष्टी चालू राहतात.

यात सोय आहे आणि कच्चा दुवाही. गाव जागं असेल तर वारसा स्थळाच्या पाटीला अर्थ. नसेल तर ती गंजते.

याशिवाय तिसरा प्रकार म्हणजे संवर्धन राखीव क्षेत्र. २०२० मध्ये आंबोली–दोडामार्ग पट्ट्यातलं सुमारे ५७ चौरस किलोमीटर वनक्षेत्र तसं घोषित झालं. लोक वारसा स्थळ आणि हे क्षेत्र यांची गल्लत करतात. एक सव्वापाच एकरांचं, दुसरं हजारो एकरांचं. कायदेही दोन वेगळे.

मग युनेस्कोच्या यादीत आंबोली आहे का?

नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. त्यात महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. रिसॉर्टच्या जाहिरातीत काही लिहिलेलं असलं तरी.

कुंडात पाय सोडून बसलं तर काय बिघडतं? मासे पायाला लागतात ते छान वाटतं.

हा प्रश्न दर रविवारी येतो. शांतपणे उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

लोचला स्वच्छ, थंड, खेळतं पाणी लागतं, कारण तसल्या पाण्यात प्राणवायू भरपूर असतो. त्याचं अन्न खड्यांच्या फटींत, अंडी आणि पिल्लंही तळाशी. पाय घालून तळ ढवळला की गाळ उठतो आणि परत बसताना त्याच फटी बुजवतो. पायाला लावलेली क्रीम, डास पळवायचं मलम, केसांचं तेल, हे सगळं पाण्यात उतरतं. एका माणसाचं काही नसतं. जुलैच्या रविवारी मात्र एक माणूस नसतो.

लाह्या, पीठ, बिस्किटं टाकणं प्रेमापोटी होतं. पण न खाल्लेलं अन्न तळाशी कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. हा मासा अळ्या खाणारा. तुमच्या बिस्किटाची त्याला गरज नाही. निर्माल्याचं तेच. नाणी टाकू नका. साबण तर दूरच राहू द्या.

सगळ्यांत मोठी भीती वेगळीच आहे. घरच्या काचेच्या टाकीतले मासे कंटाळा आला की 'मोकळे सोडायचे' म्हणून देवाच्या पाण्यात आणून सोडतात. डास मारायला गप्पी सोडण्याची कल्पनाही कोणाला तरी सुचतेच. गप्पी झपाट्याने वाढतात, लहानसहान अळ्या आणि पिल्लं खातात. एवढ्याशा कुंडात ते एकदा शिरले की काढता येणार नाहीत. जी जात एवढ्याशा पाण्यात राहते, ती तेवढ्याच पाण्यातून संपूही शकते.

देवळात जायला बंदी आहे का?

नाही. या, दर्शन घ्या, कुंडाच्या काठावर बसा. पाण्याला हात लावायचाच तर तीर्थ म्हणून ओंजळभर घ्या.

तुम्ही सड्याचं एवढं का सांगता? वर तर नुसता कातळ आहे.

मे महिन्यात या तर मीही म्हणेन, कातळ आहे. काळा, तापलेला, वर वाळकं गवत. याच्याकडे बघून 'पडीक जमीन' असं लिहायचा मोह कागद लिहिणाऱ्याला होणारच, आणि होतोही. दुसऱ्या जिल्ह्यात फार लांब जायला नको, कोल्हापूरच्या काही सड्यांवरून बॉक्साइट काढलं गेलं आहे. सडा खरवडला की वरचं जगणं तर जातंच, पण पाणी मुरवणारी ती भोकाभोकांची चादरही जाते.

आता जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री आठ वाजता त्याच सड्यावर या. कातळातल्या खळग्यांत बोटभर पाणी साचलेलं असतं आणि त्या पाण्याभोवती पिवळ्या चट्ट्यापट्ट्यांचे छोटे भेक जमलेले असतात. हा आंबोली टोड. शास्त्रीय नाव झँथोफ्रायनी टायगेरिना. वाघासारख्या पट्ट्यांमुळे टायगेरिना. २००९ मध्ये त्याचं वर्णन झालं. त्याचा एक भाऊबंद कोयनेच्या बाजूला आहे, आणि या वंशात एवढ्याच दोन जाती. आंतरराष्ट्रीय लाल यादीत आंबोली टोड 'अतिसंकटग्रस्त' गटात आहे, म्हणजे रानातून नामशेष होण्याच्या अगदी आधीची पायरी.

त्याचा सगळा जुगार पावसावर चालतो. पहिल्या सरी आल्या की जोड्या जमतात आणि खळग्यातल्या उथळ पाण्यात अंडी पडतात. पाऊस लागून राहिला तर अंडी फुटून बेंगटोळ्या, म्हणजे शेपटीवाली पिल्लं, तयार होतात, वाढतात, टोड होऊन निघून जातात. मधेच आठ दिवस ऊन पडलं तर खळगा आटतो आणि सगळं तिथेच वाळून जातं. खोल तळ्यात अंडी घातली तर आटायची भीती नाही, पण तिथे खाणारे मासे आणि किडे असतात. खळग्यात शत्रू कमी, काळ कमी.

याच सड्यांमधून रस्ते जातात. पावसाच्या रात्री डांबरावरही पाणी साचतं आणि टोडला कातळ आणि डांबर यातला फरक कळत नाही. सकाळी रस्त्यावर काय दिसतं ते लिहीत नाही. जूनमध्ये रात्री गाडी घेऊन फिरायचंच असेल तर वीसच्या वेगाने चला आणि सड्यावर तर गाडी अजिबात चढवू नका. 'ऑफ-रोडिंग' करायला सडा सपाट आणि मोकळा दिसतो, म्हणूनच सांगतो.

तर, कुंडातला मासा वाचवायचा असेल तर नुसतं कुंड राखून भागत नाही, ते या सड्यामुळे. सव्वापाच एकरांत पडणारा पाऊस त्या कुंडाला पुरणार नाही. त्याचं पाणी पाटीच्या बाहेरून, वरून येतं.

आणखी कोणते बेडूक दिसतात?

आंबोलीत याचं उत्तर द्यायला एक रात्र लागते. थोडक्यात तीन सांगतो.

मलबारी उडता बेडूक सगळ्यांना हवा असतो. पोपटी हिरवा, बोटांमधला पडदा शेंदरी. उंच फांदीवरून पडदे पसरून तरंगत खाली येतो. त्याचं घरटं त्याहून नवलाचं. पाण्यावर झुकलेल्या पानांना अंड्याच्या पांढऱ्यासारखा घोटलेला फेस चिकटलेला दिसला की समजा. अंडी त्या फेसात. काही दिवसांनी बेंगटोळ्या फेसातून सुटून टपटप खालच्या पाण्यात पडतात. लोकांना तो फेस म्हणजे साबणाचा वाटतो आणि काठीने काढून टाकतात. काढू नका.

दुसरा इंडिराना चिरावासी. नाव वाचून ओळखीचं वाटलं ना? नावातला चिरा आपलाच. जांभ्याच्या चिऱ्यांत, भेगांत राहणारा म्हणून हे नाव, आणि २०१४ मध्ये त्याचं वर्णन झालं तेही आंबोलीतूनच. या वंशाच्या बेंगटोळ्या पाण्यात पोहण्याऐवजी भिजलेल्या कातळावरून सरपटतात. घाटात रस्त्याकडेच्या ओल्या दरडीवर टॉर्च मारा, शेपटीवाली चिमुकली काळी टिंबं हलताना दिसतील.

तिसरा बेडूक नव्हेच. देवगांडूळ. बेडकांचा नातेवाईक, पण पाय नाहीत, डोळे असून नसल्यासारखे, आणि जन्म ओल्या मातीत जातो. त्याची एक जात आंबोलीतूनच २००३ मध्ये जगाला कळली. शेतात कुदळीखाली सापडला की गांडूळ किंवा सापाचं पिल्लू समजून ठेचला जातो. दोन्ही नाही.

व्हाळातले मासे आणि खेकडे धरायला हरकत आहे का?

वारसा स्थळाच्या हद्दीत हा प्रश्नच नको.

बाहेरचं बोलायचं तर विषय नाजूक आहे. पहिल्या पुरात पाण्याच्या उलट दिशेने वर सरकणारे चढणीचे मासे धरणं हा कोकणातल्या पावसाळ्याचा भाग आहे. कुर्ल्यांचं सार कोणाला नको असतं? एक माणूस सापळा लावून एका वेळेपुरते मासे आणतो, तो काही व्हाळ संपवत नाही. पण चढणीचे मासे वर जातात ते अंडी घालायला, हेही खरं. आणि विष टाकून किंवा करंट सोडून मासे मारणं ही परंपरा नव्हे. त्यात लोचसारखे कोणी न खाणारे मासे, अळ्या, बेंगटोळ्या, झाडून सगळे मरतात. असं कोणी करताना दिसलं तर वनखात्याला किंवा पोलिसांना कळवा.

सापांची भीती वाटते. काय काळजी घ्यायची?

हिरव्या, तपकिरी, पिवळसर अशा अनेक रंगांत दिसणारा मलबार चापडा इथे पावसाळ्यात नेहमी भेटतो. व्हाळाकाठच्या दगडावर किंवा कमरेएवढ्या उंचीच्या फांदीवर तो तासन् तास हलत नाही. बेडकाची वाट बघत असतो, तुमची नव्हे. तो आपणहून अंगावर येत नाही. न बघता फांदी धरली किंवा दगडावर हात टेकला तर चावतो. म्हणून टॉर्च हवा, पायात गमबूट हवेत आणि आधी बघून मग हात.

तो विषारी आहे. चावला तर सूज येते आणि वेदना खूप होतात. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांसाठी बनतं, चापड्यासाठी नव्हे. म्हणून उपचार लक्षणं बघून करावे लागतात आणि ते डॉक्टरच करू शकतात. चावलेली जागा कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. माणसाला धीर द्या, हात किंवा पाय हलू देऊ नका आणि सरळ घाट उतरून सावंतवाडीचं सरकारी रुग्णालय गाठा. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही.

पक्षी आणि मोठे प्राणी?

पहाटे व्हाळाच्या बाजूने कोणीतरी निवांत शीळ घालत चाललंय असं वाटलं तर तो शीळकरी कस्तूर. धबधब्याच्या आडोशाला, कपारीत घरटं करतो. घाटाखालच्या व्हाळांच्या काठाला पावसात तिबोटी खंड्या मातीत बीळ करून पिल्लं वाढवतो; मुठीत मावेल एवढा पक्षी आणि रंग मात्र सगळे. रानात धनेश आहेत, शेकरू आहे. गवे आहेत, आणि ते भातात येतात. त्याबद्दल शेतकऱ्याला विचारा, मला नको. बिबट्या आहे, अस्वल आहे.

वाघ आहे का?

सह्याद्रीच्या या पट्ट्यातून, गोवा-कर्नाटकापासून वर राधानगरीकडे, वाघाची ये-जा असते. तुम्हाला दिसणार नाही.

रात्रीच्या फेरीत फोटो काढता येतात ना?

येतात. पण काही गोष्टी मी माझ्या फेरीत चालू देत नाही. बेडूक उचलून 'चांगल्या' पानावर ठेवणं. चापड्याला काठीने वळवणं. एकाच प्राण्यावर दहा जणांचे फ्लॅश. आणि दिसलेल्या जागेचा नेमका नकाशा सोशल मीडियावर टाकणं. दुसऱ्या दिवशी तिथे पन्नास माणसं उभी असतात.

बेडूक हातात न घेण्याचं कारण नुसती दया नव्हे. तो कातडीनेही श्वास घेतो, त्यामुळे तुमच्या हाताचं मीठ, सॅनिटायझर, मलम थेट त्याच्या अंगात जातं. शिवाय जगभर बेडकांना मारणारी कायट्रिड नावाची बुरशी उत्तर पश्चिम घाटातल्या बेडकांवरही आढळल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. ती ओल्या बुटांवरून, हातांवरून एका व्हाळातून दुसऱ्यात जाऊ शकते. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना बूट घासून, धुऊन, पूर्ण वाळवून घ्या. आंबोलीच्या पावसात बूट वाळवणं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. चुलीच्या धगीजवळ ठेवा. फार जवळ नको, एकाचे वितळले होते.

भर पावसाळ्यात कुजक्या लाकडावर हिरवट उजेड देणारी बुरशीही कधी कधी दिसते. त्यासाठी टॉर्च बंद करून पाच मिनिटं अंधारात गप्प उभं राहावं लागतं. बहुतेकांना दोन मिनिटं जमतात.

जळवा लागल्या तर?

लागतीलच. नखाने सरकवून काढा, थोडं रक्त येईल, थांबेल. पायमोज्यांना तंबाखूचं पाणी लावायची रीत आहे, चालते. मिठाची पुरचुंडी घेऊन व्हाळात उतरू नका. जळू सुटते पण मीठ पाण्यात जातं.

मुख्य धबधब्याबद्दल काहीच सांगितलं नाही.

तो घाटात रस्त्याकडेला आहे, चुकणार नाही. शनिवार-रविवारी जाऊ नका.

कधी यावं?

बेडकांसाठी जून-जुलै. सड्यावरच्या फुलांसाठी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. कीटक खाणारी सीतेची आसवं आणि दवबिंदू त्याच वेळी असतात, फक्त खाली वाकून बघावं लागतं. कावळेसादच्या कड्यावर वाऱ्याने उलटं वर उडणारं पाणी बघायचं असेल तर भर पावसात, आणि कठड्याच्या अलीकडून. हिरण्यकेशीचा तळ नीट दिसायचा तर पाऊस ओसरल्यावर, नोव्हेंबरनंतर, पाणी निवळलं की.

जवळपास असं आणखी काही राखलेलं आहे?

दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथे कानळाची राई आहे. रानजायफळांचं पाणथळ जंगल, झाडांची मुळं गुडघे वर काढल्यासारखी चिखलातून बाहेर आलेली. अशी जंगलं केरळ-कर्नाटकात आहेत, महाराष्ट्रात ही मोठीच अपूर्वाई. तीही वारसा स्थळ झाली, २.५९ हेक्टर. मूळची देवराई, म्हणून उरली. तिथे आत घुसून चिखल तुडवू नका, गावातल्या माणसाला विचारून जा.

संरक्षण झालं, मग आता गावाला काय मिळालं?

पाहुणे थोडे वाढले. काही पोरं बेडकांची शास्त्रीय नावं धडाधड सांगतात आणि त्यावर चार महिने घर चालतं. दुसरीकडे आंबोली, चौकुळ, गेळे इथला कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक हक्काच्या जमिनींचा, प्रश्न पिढ्यान् पिढ्या रेंगाळलेला आहे. ज्या माणसाच्या नावावर त्याची कसती जमीन नीट लागलेली नाही, त्याला सडा राख म्हणून सांगताना माझी जीभ जड होते. तरीही सांगतो. मुरलेलं पाणी त्याच्याच विहिरीत येतं, आणि पुढे आजऱ्याच्या घनसाळ भाताला आणि गडहिंग्लजच्या उसालाही.

एवढ्या लांबून आलो आणि मासा दिसलाच नाही तर?

काठावर उकिडवे बसा. सावली पाण्यावर पडू देऊ नका. एकच दगड निवडा आणि त्याच्या कडेकडे बघत राहा, सगळ्या कुंडावर नजर फिरवू नका. दहा मिनिटं. खडा हलल्यासारखा वाटला, तर तो खडा नव्हता. तरीही नाही दिसला तर देवळाच्या पायऱ्या चढून वर या, चहा माझ्याकडून.